वाघ हसतोय की चिडलाय?
वन्यप्राण्यांची व्यक्तिचित्रं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वन्यप्राण्यांचे चेहरे रंगवणाऱ्या वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा निम्म्याहून अधिक पत्रं वाघाबद्दल निघाली. ते साहजिकच आहे. तरी अस्वल, वानर, हत्ती आणि काळा बिबट्या यांनाही जागा दिली आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ताडोब्यात काढलेल्या फोटोवरून वाघीण रंगवली. ॲक्रिलिक, १८ × २४ इंचांचा कॅनव्हास. प्रमाण बरोबर आहे, पट्टे जागच्या जागी आहेत, पण डोळे काचेच्या गोट्यांसारखे दिसतात. चकाकी वाढवली की आणखीच बिघडतं. काय चुकतंय?
– एक वाचक, चंद्रपूर

तुम्ही डोळा रंगवलात, पापणी रंगवायची राहिली. वाघाचा डोळा कवटीत खोल बसलेला असतो. भुवईच्या हाडाची आणि वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडते. ही सावली नसेल तर बुबुळ एकसारखं पिवळं दिसतं आणि चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं वाटतं.

क्रम असा ठेवा. आधी डोळ्याचा पूर्ण आकार, काळ्या कडेसह, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) यांच्या गडद मिश्रणाने भरा. आतला कोपरा नाकाकडे खाली ओढलेला असतो. तो तसाच ओढा, कारण वाघाच्या नजरेची धार बरीचशी तिथेच आहे. वाळल्यावर यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) थोडा बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) घालून बुबुळ भरा आणि कडेने मूळ गडद रंगाची बारीक रेघ सोडा. मग बुबुळाचा खालचा भाग उजळा. प्रकाश वरून डावीकडून येत असेल, तर बुबुळ खाली उजवीकडे सगळ्यांत जास्त उजळतं, कारण प्रकाश डोळ्यात शिरून पलीकडची बाजू आतून उजळवतो. इथे यलो ऑकर, पांढरा आणि किंचित कॅडमियम यलो. बाहुलीपासून बाहेर जाणाऱ्या आठ-दहा तुटक रेषा पुरतात. त्यानंतर पातळ बर्न्ट अंबरचा ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, वरच्या तिसऱ्या हिश्शावर द्या. ही पापणीची सावली.

बाहुली गोल. घरच्या मांजराची बाहुली उभ्या फटीसारखी असते, वाघ, सिंह आणि बिबट्याची गोल. भर उन्हात ती आकसून लहान होते, सावलीत मोठी होते. दुपारच्या उन्हातला वाघ आणि मोठाली काळी बाहुली ही विसंगती पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकते.

चकाकी सगळ्यांत शेवटी. ती शुभ्र पांढरी नको. उघड्या आकाशाखाली ती निळसर राखाडी असते आणि मधोमध पांढऱ्याचा एखादा ठिपका. दोन्ही डोळ्यांत ती एकाच दिशेला हवी. एका डोळ्यात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे पडली की प्राणी तिरळा वाटतो. तपासायचं असेल तर चकाकी बोटाने झाकून पाहा. डोळा तरीही बघतोय असं वाटलं पाहिजे. वाटत नसेल तर दोष सावलीत आहे, चकाकीत नाही.

आणि बुबुळाभोवती पांढरं दाखवू नका. वाघाच्या डोळ्याचं पांढरं सहसा दिसत नाही. ते रंगवलं की चेहरा दचकलेल्या माणसाचा होतो.

मुलांना गर्जना करणारा वाघ काढायचा असतो. जबडा उघडतात, सुळे काढतात, तरी वाघ हसल्यासारखा दिसतो. राग कसा दाखवायचा?
– कलाशिक्षिका, सांगली

मुलं राग तोंडात शोधतात. मार्जारकुळात तो आधी कानांत दिसतो. कान ताठ उभे, डोळे शांत आणि तोंड मात्र वासलेलं अशी जुळणी केली की हसूच दिसणार, त्यातून जबड्याचे कोपरे माणसासारखे वर वळवले तर विचारायलाच नको.

चिडलेल्या वाघाचे कान मागे फिरतात आणि चपटे होतात. कानांच्या मागच्या बाजूला काळ्यावर पांढरा ठिपका असतो. एरवी तो मागून दिसतो, चिडल्यावर समोरून दिसायला लागतो. मुलांना हा एक ठिपका शिकवलात तरी चित्र बदलेल. दुसरं, नाकाच्या पाठीवर आडव्या सुरकुत्या पडतात, कारण वरचा ओठ मिशांच्या गादीसकट वर ओढला जातो. तिसरं, ओठांचे कोपरे वर न जाता मागे ओढले जातात. चौथं, कपाळावरचे पट्टे कातडीबरोबर सरकतात. शांत चेहऱ्याचे पट्टे तसेच ठेवून खाली चिडलेलं तोंड जोडलं तर दोन वाघांचे तुकडे एकत्र केल्यासारखं होतं. फोटोवरून चित्र काढतानाही हे घडतं, मुलं पट्टे एका फोटोतून घेतात आणि जबडा दुसऱ्यातून.

संदर्भाचा फोटो निवडतानाच फसगत होते. प्राणिसंग्रहालयातल्या ‘गर्जनेच्या’ बऱ्याच फोटोंत वाघ जांभई देत असतो. जांभईत डोळे मिटलेले किंवा मिटत आलेले असतात, जीभ वळलेली असते. आणखी एक चेहरा फसवतो : डोकं वर, वरचा ओठ मुडपलेला, नाक आक्रसलेलं, डोळे अर्धे मिटलेले, जीभ बाहेर. हा राग नाही. दुसऱ्या वाघाने झाडावर फवारलेल्या मूत्राचा वास तो टाळूजवळच्या इंद्रियापर्यंत पोहोचवतोय. यालाच फ्लेमन म्हणतात. चित्राला ‘क्रोध’ असं नाव देण्याआधी एवढं तपासावं.

इतर प्राण्यांत नियम बदलतात. लाल तोंडाचं माकड ओठ मागे ओढून दात दाखवतं तेव्हा ते बहुधा घाबरलेलं किंवा पडतं घेत असतं. त्याची धमकी म्हणजे रोखलेली नजर आणि गोल उघडलेलं तोंड. हत्ती धमकावताना कान पसरतो. गवा धमकावताना आडवा उभा राहतो, आपलं धिप्पाड अंग बाजूने दाखवतो. म्हणून समोरून धावून येणाऱ्या गव्यापेक्षा आडवा उभा, मान किंचित खाली, एक डोळा आपल्यावर, असा गवा जास्त खरा आणि जास्त भीतिदायक.

आमचं मत विचाराल तर वर्गात मिटलेल्या तोंडाचा वाघ द्या. एक कान पुढे, एक कान मागे वळलेला. मागे काहीतरी वाजलंय आणि त्याने ते ऐकलंय. एवढ्यात चेहरा बोलतो.

एकेक केस काढला. तीन आठवडे गेले. आता केस वेगवेगळे दिसतात, बिबट्या दिसत नाही. जवळून लोक कौतुक करतात, लांबून सगळं सपाट.
– एक वाचक, नाशिक

केस ही शेवटची पायरी आहे, ती तुम्ही पहिली केलीत. लांबून जे दिसतं ते उजेड आणि सावलीचे मोठे तुकडे. ते नसतील तर हजारो केस काढूनही गोलाई येत नाही, कारण उजेडातला केस आणि सावलीतला केस तुम्ही एकाच गडदपणाने काढता.

नव्या कॅनव्हासवर असं करून पाहा. फोटो कृष्णधवल करा, डोळे किलकिले करून फक्त तीन छटा शोधा : उजेड, मधली, सावली. १० नंबरच्या फिल्बर्ट (चपट्या, गोलसर टोकाच्या) ब्रशने त्या भरा. या टप्प्यावर बिबट्याचे ठिपकेही नकोत. खोली पार करून लांब जा. डोकं गोल वाटतंय का? नसेल तर पुढे जाऊ नका, इथेच दुरुस्त करा. पुढे सगळं महागात पडतं.

मग ट्रेसिंग पेपरवर केसांच्या दिशेचा नकाशा काढा, नुसते बाण. नाकाच्या शेंड्यापासून केस वर आणि मागे जातात, दोन डोळ्यांच्या मधून कपाळाकडे चढतात, गालांवर बाहेर आणि खाली वळतात, हनुवटीखाली लोंबतात. लांबीही बदलते. नाकाच्या पाठीवरचे केस इतके आखूड आणि चपटे असतात की १८ × २४ इंचांच्या चित्रात तिथे एकही केस सुटा दिसता कामा नये. तिथे रंग बोटाने किंवा कोरड्या ब्रशने पसरवणं पुरतं. गालांवर आणि गळ्याशी मात्र फटकारे लांब होतात.

ठिपके दुसऱ्या थरात. बिबट्याच्या अंगावरचे ठिपक्यांचे कड्यासारखे गुच्छ चेहऱ्यावर भरीव लहान ठिपके होतात. कडेला ते आक्रसतात, कारण तिथे चेहरा आपल्यापासून वळतो. गालाच्या कडेला मधल्याइतकेच मोठे ठिपके काढलेत तर गोलाई पुन्हा गेली. गुच्छाच्या आत ठिपका काढू नका, तो जग्वार.

आता केस. १ नंबरचा लायनर (लांब, बारीक केसांचा ब्रश), रंग शाईइतका पातळ. ॲक्रिलिक घट्ट असेल तर रेघ मध्येच तुटते आणि टोक बोथट येतं. ब्रश रंगात बुडवून बोटांत फिरवत टोक करा, मुळाशी टेकवा आणि शेंड्याकडे नेताना उचला. दोन-तीन केस एकत्र येतात, एखादा आडवा जातो. समांतर रेघा आल्या की हात थांबवा. केस तीनच ठिकाणी काढा : जिथे उजेड सावलीत वळतो तिथे, जिथे काळा ठिपका पिवळ्याला भेटतो तिथे, आणि जिथे प्राण्याची कड पार्श्वभूमीला लागते तिथे. भर उजेडात आणि खोल सावलीत केस जवळपास नकोत. ठोकताळा म्हणून चेहऱ्याच्या दहाव्या भागाहून जास्त ठिकाणी सुटे केस असू नयेत.

एवढं करूनही केस तारांसारखे दिसले, तर बर्न्ट सिएना भरपूर ग्लेझिंग मिडियममध्ये मिसळून त्या भागावर एक पातळ थर फिरवा. केस एकमेकांत मुरतात. वाळल्यावर त्यातले मोजके पुन्हा उजळा.

फॅन ब्रशबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. नवा फॅन ब्रश प्रत्येक फटकाऱ्यात तोच ठसा उमटवतो आणि डोळा ती पुनरावृत्ती लगेच पकडतो. वापरायचाच असेल तर कात्रीने त्याचे केस वेडेवाकडे कापून घ्या. दुकानदार हे सांगत नाही.

तैलरंगात काम करणाऱ्यांसाठी एक सूचना : खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे तेलाने समृद्ध. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि काही महिन्यांनी नेमक्या गालावर भेगा पडतात. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक नाही.

वाघाला ट्यूबमधला ऑरेंज लावला की तो प्लॅस्टिकचा वाटतो. नेमकी मिश्रणं सांगाल का?
– विद्यार्थी, अमरावती

सांगतो. उन्हातला भाग : यलो ऑकर दोन भाग, टायटॅनियम व्हाइट एक भाग, कॅडमियम ऑरेंज अगदी ब्रशच्या टोकावर. मूळ अंगरंग : रॉ सिएना आणि बर्न्ट सिएना सारखे. सावली : बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन, प्रथम एक चतुर्थांश. निळा वाढवत नेलात तर तपकिरी, मग जांभळट राखाडी, शेवटी जवळजवळ काळा मिळतो. या तीन मिश्रणांत वाघाचं बरंचसं काम होतं. ट्यूबमधला नारिंगी शेवटी, उन्हाने पेटलेल्या एक-दोन जागांसाठी राखून ठेवा.

प्लॅस्टिकचा भास होतो त्याचं कारण सावलीतही तोच नारिंगी, फक्त काळा मिसळलेला असतो. काळ्याने पिवळट रंग हिरवट आणि मळकट होतात. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत निळसरपणा असतो, आणि हनुवटीखाली जमिनीचा रंग परततो. वैशाखातल्या वाळल्या गवतात बसलेल्या वाघाच्या गळ्याखालचं पांढरं पिवळसर दिसतं, पावसाळ्यातल्या हिरवळीत तेच हिरवट.

पांढरे भाग खरे कसोटीचे. डोळ्यांवरचे, गालांवरचे आणि हनुवटीचे पांढरे डाग निव्वळ पांढऱ्याने रंगवाल तर ते चित्रातून बाहेर उडी मारतात आणि डोळे मागे पडतात. उन्हातला पांढरा म्हणजे पांढरा अधिक कणभर ऑकर. सावलीतला पांढरा म्हणजे पांढरा, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, आणि तो तुम्हाला वाटतो त्याहून बराच गडद असतो. पट्ट्यांना ट्यूबमधला काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर घ्या. उन्हाच्या बाजूला अंबर जास्त, सावलीत निळा जास्त. पट्ट्याच्या कडा सलग ठेवू नका, नारिंगी केस त्यात घुसलेले असतात.

ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, कारण ओला असताना त्यातला बंधक, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा द्रव, दुधी असतो. म्हणून मिश्रणाचा पट्टा कॅनव्हासच्या तुकड्यावर लावून, हेअर ड्रायरने वाळवून मग जुळवा. तुमच्याकडे विदर्भाच्या उन्हाळ्यात रंग पॅलेटवरच वाळतो, हेही पत्रात लिहिलंय. पसरट डब्यात ओला स्पंज किंवा चार पदरी ओलं टिश्यू ठेवा, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्यावर काढा. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो.

काळा बिबट्या आणि अस्वल रंगवताना सगळं एक काळं भोक होतं.
– एक वाचक, सावंतवाडी

काळ्या प्राण्यात काळा रंग सगळ्यांत कमी लागतो. तो फक्त बाहुली, नाकपुडी, कानाची खोबण आणि जबड्याखालची फट यांच्यासाठी ठेवा. बाकी अंग गडद राखाडीपासून सुरू करा आणि उजेडाला निळसर, सावलीला तपकिरी झाक द्या. फोटो अनेकदा कमी उजेडात काढलेला असतो. मोबाइलमध्ये त्याच्या सावल्या थोड्या उघडून पाहा, आकार दिसू लागतात.

काळा बिबट्या हा वेगळा प्राणी नाही. तो गडद रंगद्रव्याचा बिबट्याच आहे, आणि तिरप्या उजेडात त्याचे गुच्छ दिसतात. ते काळ्यावर वरून रंगवू नका, उलट करा : आधी गुच्छांसकट मधल्या राखाडीत बिबट्या रंगवा आणि त्यावर अल्ट्रामरीन-अंबरचे दोन किंवा तीन पातळ ग्लेझ चढवा. गुच्छ खालून जाणवतात, वर येत नाहीत.

अस्वलाचं वेगळं आहे. त्याचं लांब मुस्कट आखूड केसांचं, फिकट राखाडी असतं आणि बाकी चेहरा लांब, विस्कटलेल्या काळ्या केसांत बुडालेला असतो. डोळे लहान. लोक ते मोठे करतात आणि अस्वलाचा टेडी होतो. अस्वलाचा भाव मुस्कटात आहे. ओठ सैल आणि हलते असतात, वाळवी ओढताना ते नळीसारखे पुढे येतात. तो क्षण मिळाला तर सोडू नका.

इंटरनेटवरचे फोटो वापरले तर चालतात का? ३० टक्के बदल केला की आपलं होतं असं ऐकलं.
– एक वाचक, पुणे

असा कोणताही टक्का कायद्यात नाही. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ नुसार फोटोवरचा हक्क सहसा छायाचित्रकाराचा, आणि त्यावरून दुसरी कलाकृती करण्याची परवानगीही तोच देतो. घरी सरावाला कुणी अडवणार नाही, पण प्रदर्शनात लावायचं किंवा विकायचं असेल तर लेखी परवानगी घ्या. ई-मेल पुरतो. वन्यजीव छायाचित्रकार बऱ्याचदा आनंदाने हो म्हणतात, फक्त आधी विचारलेलं त्यांना आवडतं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुणा वाचायला शिका : ‘एनडी’ असेल तर त्यावरून चित्र करून प्रसिद्ध करता येत नाही, ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर करता येत नाही, ‘बाय’ असेल तर नाव द्यावं लागतं, ‘सीसी-झिरो’ मोकळा.

पुण्यात राहता तर कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय हाताशी आहे, मुंबईकरांना भायखळ्याची राणीची बाग. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारी प्राणी झोपतात. काच असेल तर लेन्स काचेला टेकवा आणि भोवती काळं कापड धरा, नाहीतर तुमचाच शर्ट वाघाच्या गालावर उमटतो. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान लहान होतात. हा दोष चित्रात जसाच्या तसा उतरतो आणि मग लोक म्हणतात प्रमाण चुकलं. २०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सने, लांबून घ्या. एका फोटोवर अवलंबून राहू नका. त्याच प्राण्याचे समोरून, बाजूने, पाऊण बाजूने असे फोटो घ्या आणि सोबत दोन मिनिटांची रेखाटनं करा. प्राणी हलतो म्हणून एकाच पानावर पाच-सहा अपुरी रेखाटनं चालू ठेवा, तो पुन्हा त्याच पवित्र्यात आला की त्या रेखाटनाकडे परता. फेऱ्या मारणारा प्राणी तर ठरलेल्या जागी हमखास वळतो.

वानराचा काळा चेहरा आणि भोवतीचे पांढरे केस जलरंगात कसे राखायचे? मास्किंग फ्लुइडने कडा कागद कापल्यासारख्या येतात.
– एक वाचक, सातारा

मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागदाचं पांढरं झाकून ठेवणारा द्रव, ब्रशने लावता म्हणून तसं होतं. बोरूने किंवा लोखंडी निबने, बारीक तुटक रेघांत, फक्त सर्वांत पुढच्या केसांना लावा. बाकी पांढरं कागदाचंच सोडा. ३०० जीएसएमचा सुती कागद घ्या, साध्या कागदाचा पापुद्रा फ्लुइडबरोबर निघतो. फ्लुइड पूर्ण वाळू द्या, हेअर ड्रायर लावू नका, उष्णतेने ते चिकटून बसतं. आणि त्याच दिवशी काढा.

आधी भोवतीच्या केसांतल्या सावल्या अगदी फिकट निळसर राखाडीने ओल्यावर ओल्या सोडा. वाळल्यावर चेहरा : अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचं दाट मिश्रण, एका दमात. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून हवा त्याहून गडद घ्या. कपाळ आणि नाकाच्या पाठीवर रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने उचला, तिथे कातडीची चमक येते. चेहऱ्याची कड पांढऱ्या केसांना लागते तिथे ब्रश आतून बाहेर झटका. वानराच्या भुवयांवरचे लांब काळे केस पुढे झुकलेले असतात. त्यांनी डोळ्यांवर सावली येते आणि चेहऱ्याला तो त्रासिक, म्हाताऱ्या माणसासारखा भाव मिळतो. ते केस मात्र विसरू नका.

हत्तीच्या डोळ्यांत पाणी दाखवलं की चित्र लोकांना भिडतं. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

भिडतं, पण हत्तीबद्दल खोटं सांगतं. हत्तीला डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी नलिका नसते, त्यामुळे ओलावा गालावरच ओघळतो. सुखी हत्तीच्याही. शिवाय डोळा आणि कान यांच्या मधून जी काळपट ओली रेघ खाली येते ती मदाची. ती ग्रंथी डोळ्याची नाही. मदावर आलेला नर रंगवून त्याला ‘अश्रू’ नाव दिल्याची चित्रं आम्ही पाहिली आहेत. जाणकार हसतात.

हत्तीचं वय आणि स्वभाव इतर खुणांत आहे : कानशिलाचा खळगा खोल झालेला, कानाच्या वरच्या कडा दुमडलेल्या, कानांवर आणि सोंडेच्या मुळाशी गुलाबी फिकट ठिपके, लांब पापण्या. आपल्या हत्तीच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात आणि सोंडेच्या टोकाला एकच बोट. आफ्रिकी हत्तीचा माथा एकसंध आणि सोंडेला दोन बोटं. कातडीच्या भेगा सगळीकडे सारख्या काढू नका, डोळ्याभोवती त्या गोल फिरतात आणि सोंडेवर आडव्या. दुःख दाखवायचंच असेल तर साखळी काढा. ती निदान खरी असते.

मागे जंगल काढावं की रिकामं सोडावं?
– एक वाचक, ठाणे

व्यक्तिचित्रात शक्यतो रिकामं. जहांगीरच्या दरबारातले चित्रकार उस्ताद मन्सूर यांचा १६२१ मधला झेब्रा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. साध्या पार्श्वभूमीवर बाजूने उभा, आणि नजर हटत नाही. काही काढायचंच असेल तर प्राण्याच्याच मिश्रणातला एक फिकट आणि एक गडद रंग घ्या. चेहऱ्याच्या उजेडाच्या बाजूला मागे गडद, सावलीच्या बाजूला फिकट. आणि पार्श्वभूमी केसांच्या आधी रंगवा. नंतर भरायला गेलात तर प्रत्येक केसाभोवती ब्रश वळवत बसाल आणि कड कडक होईल.

‘नेवला’ ब्रश खूप छान चालतात असं एका ज्येष्ठ चित्रकारांनी सांगितलं. कुठे मिळतील?
– एक वाचक, नागपूर

नेवला म्हणजे मुंगूस, आणि ब्रश त्याच्या केसांचे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार मुंगूस संरक्षित आहे. त्याच्या केसांचे ब्रश बनवणं, विकणं, जवळ बाळगणं गुन्हा आहे. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने २०१९ मध्ये या ब्रशच्या व्यापाराविरुद्ध ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाची मोहीमही चालवली होती. एका मुंगसापासून मूठभरही केस मिळत नाहीत आणि त्यासाठी प्राणी मारला जातो. वन्यप्राण्याचं चित्र त्या ब्रशने काढणं विचित्रच. ओळख : केस करड्या-तपकिरी रंगाचे, एकाच केसावर फिकट-गडद पट्टे, आणि मुठीवर बहुधा कंपनीचं नाव नसतं. तैलरंगाला डुकराच्या केसांचे आणि लवचिक सिंथेटिक ब्रश, ॲक्रिलिकला सिंथेटिकच. आताचे सिंथेटिक लायनर तितकंच बारीक टोक धरतात.

पावसाळ्यात कॅनव्हासवर बुरशी येते. चित्रं वाचवायची कशी?
– एक वाचक, म्हापसा

कॅनव्हासची मागची बाजू उघडी, भिंत ओली आणि मध्ये हवा नाही, हे तीन एकत्र आले की बुरशी धरते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागे कॉर्कचे किंवा रबराचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीपासून साधारण एक सेंटिमीटर अंतर राहतं. बाहेरच्या भिंतीपेक्षा आतली भिंत बरी. चित्रं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका, आत बाष्प अडकतं. सुती कापडात गुंडाळून उभी ठेवा.

बुरशी आलीच तर ती ओली असताना पुसू नका, ती कापडाच्या विणीत शिरते. चित्र दुसऱ्या खोलीत नेऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा, मास्क लावा, घराबाहेर मऊ कोरड्या ब्रशने मागून झटका. पुढच्या बाजूला रंगावर डाग असतील तर घरगुती ब्लीच किंवा व्हिनेगर लावण्याच्या भानगडीत पडू नका, जतन-तज्ज्ञाला दाखवा.

जलरंगाच्या कागदाचं वेगळं दुखणं आहे. दमट हवेत त्याचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ न देणारा लेप, खराब होतं आणि रंग टीपकागदावर पडावा तसा शोषला जातो. वानराचा चेहरा रंगवायला घेतला आणि ठिपके फुटले, असं होतं ते यामुळे. कागदाच्या कोपऱ्यावर आधी पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो काही क्षण वर टिकला तर कागद चांगला, लगेच आत गेला तर त्यावर कोळशाने रेखाटनं करा. उरलेले कागद हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या गुलाबी झाल्या की वाळवून घ्या.

तैलरंगाचं चित्र पावसाळ्यात उशिरा वाळतं. जाड थर असतील तर सहा महिने ते वर्षभर अंतिम वॉर्निश देऊ नका. ॲक्रिलिकला दोन आठवडे पुरे, पण कोरडा दिवस निवडा. दमट दिवशी दिलेलं वॉर्निश दुधी होतं आणि ते सगळ्यांत आधी दिसतं काळ्या भागांवर, म्हणजे वाघाच्या पट्ट्यांवर आणि डोळ्यांत.